जाळं वाहून गेलं, मदत कुणाला?

नाशिक जिल्ह्यातली मासेमारी मुख्यतः धरणांतली: गंगापूर, दारणा, गिरणा, चणकापूर. इथे बऱ्याच जणांकडे बोट नसतेच. हवा भरलेल्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून फासाचं जाळं लावतात. आपत्ती मदतीचे निकष (२०२२-२६) मात्र बोट, डोंगी (कोरीव लाकडी होडी), कॅटामरान (ओंडके बांधून केलेला तराफा) आणि जाळं एवढंच ओळखतात. बोट पूर्ण गेली तर १५,००० रुपये, दुरुस्तीला ६,०००. जाळं पूर्ण गेलं तर ४,०००, दुरुस्तीला ३,०००. ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा यातल्या कशात धरायचा, हा वाद पंचनाम्याच्या वेळीच उभा राहतो. म्हणून तलाठ्याकडून तराफा आणि जाळं यांची नोंद वेगवेगळी करून घ्या, फाटक्या जाळ्याचे फोटो काढा आणि नुकसानीचं कारण 'पूर' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'पाण्यात वाहून गेले' लिहिलं, तर पुढे आपत्तीशी संबंध लावता येत नाही.

माझ्या मते खरा अन्याय याच्याही आधी होतो. मदत मालकीमागे जाते. रोजाने जाळं ओढणाऱ्याची मजुरी बुडते, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचा धंदा बुडतो. पण दोघांच्याही नावावर 'नुकसान' नाही.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासेमारी बंद असलेल्या काळासाठी मदत आहे: शासनाचे ३,००० आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदाचे स्वतःचे १,५००, मिळून तीन महिन्यांत ४,५००. वयाची अट १८ ते ६०. याच योजनेतल्या अपघात विम्याची मर्यादा मात्र ७० वर्षं. म्हणजे पासष्टीचा माणूस विम्यासाठी मच्छीमार आणि बंदीच्या काळात कुणीच नाही! ही विसंगती दूर झालीच पाहिजे. शिवाय आधी १,५०० भरायचे, म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज तोच गळतो.

विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख मिळतात. दावा अडतो तो बहुधा कागदावर. माणूस बुडाल्यावर घरचे शवविच्छेदन नको म्हणतात, पोलिसांत खबर न देता अंत्यविधी उरकतात. मग अपघात सिद्ध कशाने करायचा? दुःखाच्या त्या घडीला संस्थेच्या सचिवानेच सोबत उभं राहून हे सांगायला हवं. आणि सभासद नोंदवहीतलं नाव आधारशी जुळतंय का, वारसाची नोंद आहे का, हे पावसाळ्याआधीच तपासून घ्यायला हवं.