तुम्ही विचारलंत म्हणून: हलवा पापलेटचा कोण लागतो?

मी प्राणिशास्त्र शिकवतो हे ठाऊक असलेले लोक पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात भेटले की हमखास विचारतात, हलवा म्हणजे काळे पापलेटच ना? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाही. दोघांचेही अंग उभट आणि चपटे असते, आणि पूर्ण वाढ झालेल्या दोघांनाही पोटाखालचे पर नसतात, त्यामुळे फसायला होते हे खरे. परंतु हलव्याच्या शेपटीच्या देठावर बोट फिरवले, तर कडक खवल्यांची खरखरीत धार हाताला लागते; पापलेटला ती नसते. उलट पापलेटच्या घशामागे आतून दातेरी अशी पिशवी असते, जी हलव्यात सापडत नाही.

हे दोघेही किरणपर मासे आहेत, म्हणजे हाडांच्या बारीक काड्यांवर ताणलेल्या पडद्याचे पर असलेले. या गटात ३०,००० हून अधिक जाती आहेत, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपैकी जवळजवळ निम्म्या. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा असल्याने ते त्यात येत नाहीत. (कोळंबी तर मासाच नव्हे, पण तो वाद जेवणाच्या पानावर काढू नये.)

आमच्या विद्यार्थिदशेत पापलेट, हलवा, बांगडा, सुरमई, सगळे ‘पर्सिफॉर्मिस’ या एकाच गणात, म्हणजे वर्गीकरणातल्या एकाच मोठ्या गटात, कोंबलेले असत. सुमारे १०,००० जातींचा तो गण म्हणजे कुठेच न बसणाऱ्यांची अडगळीची खोली होती, असे माझे मत आहे. गेल्या दोन दशकांत डीएनएची तुलना झाली आणि ती खोली रिकामी करावी लागली. आता पापलेट हे बांगडा आणि सुरमईच्या गणात गेले आहे, तर हलव्याचे नाते रावसाशी, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेल्या लेप्याशीही, अधिक जवळचे ठरले आहे.

नावाने होणारी अशीच फसगत वामीच्या बाबतीत होते. भिगवणकडून येणारी गोड्या पाण्यातली वाम आणि समुद्रातली वाम या दोघी लांबट असल्या, तरी त्यांचे गण वेगळे आहेत. समुद्रातल्या वामीचा खरा भाऊबंद नदीतच शोधायचा असेल, तर तो अहिर, जो गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला मात्र समुद्रात जातो.