मागचा स्विंगआर्म अखेर सुटला

शनिवार, रात्री ११.

श्टुटगार्टला आज दिवसभर पाऊस. गॅरेजचं दार लावून घेतलं आणि सकाळपासून बीएमडब्ल्यू आर ७५/६ मोटरसायकलच्या मागच्या बाजूला हात घातला. मागचं चाक धरून वरखाली हलणारा स्विंगआर्म काढायचा होता. महिनाभर हे काम पुढे ढकलत होतो.

चाक आधी काढायचं नाही, एवढं पक्कं ठरवलं होतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, गेअरबॉक्सला चार बोल्टांनी जोडलेला असतो, ते बोल्ट रबरी बूटाच्या, म्हणजे आवरणाच्या, आत दडलेले. दर बोल्टला चाक थोडं फिरवून तो समोर आणायचा आणि ब्रेक दाबून धरायचा. ब्रेकवर लेक बसली. "बाबा, आता?" "हं, दाब. सोडू नकोस!" बोल्टांची डोकी बारा कोनांची, पाना पातळच हवा, आणि जागा दोन बोटांची. तिसरा बोल्ट सुटेना तेव्हा पोटात गोळा आला. डोकं गोल झालं असतं तर पुढचं सगळंच अडलं असतं. चौथ्यांदा जोर लावला आणि कट्‌ असा आवाज झाला.

बूटाला खालून चीर होती. तिथूनच पाणी शिरलं असणार, कारण स्विंगआर्मच्या नळीतलं तेल चहासारखं दुधाळ निघालं. मग चाक, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, फायनल ड्राइव्हचे (शाफ्टची फिरकी चाकाला देणाऱ्या गिअरपेटीचे) चार नट, सगळं पटापट सुटलं. चाकाला फिरवणारे दाते रॉकेलने पुसून पाहिले. कडा अजून शाबूत आहेत. हे पाहून जिवात जीव आला.

स्विंगआर्मचे २७चे लॉकनट फ्रेमच्या खळग्यात बसतात, साधा सॉकेट आत जातच नाही. मी एक सॉकेट बाहेरून घासून पातळ करून ठेवला होता. नट सोडण्याआधी आर्म आणि फ्रेममधली दोन्ही बाजूंची फट व्हर्नियरने मोजली. डावीकडे जवळपास दोन मिलिमीटर जास्त! आधी कुणीतरी आर्म मध्यावर न आणताच नट आवळलेत. याचा मला खरंच राग आला. इतक्या नेमकेपणाने घडवलेली गाडी, आणि मोजायला दोन मिनिटं लागतात.

आर्म हातात आला. बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवरून नख फिरवलं तर ते टकटक अडकत गेलं. प्रत्येक रोलरखाली एक बारीक खाच. आर्म वरखाली हलतो तो थोड्याच अंशांत, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी ठोके खात राहतात, त्यात ग्रीस सुकलेलं. वळणावर गाडी मागून डुलायची आणि मी टायरला दोष देत होतो.

सांगलीला अण्णा येझदी उघडायचे तेव्हा नट-बोल्ट ताटात सुटतील त्या क्रमाने मांडायचे, डावीकडून उजवीकडे. मीही आज स्टीलचं ताट घेतलं. रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हिला चेनच नाही होय रे?" मग शाफ्ट कॅमेऱ्यासमोर धरून सावकाश फिरवून दाखवला.

बेअरिंगं आणि बूट मागवलेत. फटीची मापं वहीत लिहिली आहेत.