तुम्ही विचारलंत म्हणून: रँडल फितूर होता का?

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे मंडळाच्या प्रत्येक जेवणात ताट हातात घेऊन उत्तर द्यायला नको.

इथे नायजेरियात, लागोसला नवीन आलेल्यांना मी शहरातल्या ओनिकान भागात नेते. एडिनबराला शिकलेला डॉ. जॉन रँडल, गोऱ्यांइतका पगार मागितला म्हणून इंग्रज सरकारशी बिनसलं, हे सगळं सांगते. मग कुणीतरी ऑफिसातल्या योरुबा सहकाऱ्याकडून ऐकून येतं: "पण पाणीपट्टीच्या वेळी तो फिरलाच ना?"

हो, फिरला. १९०८ साली डॉ. ओबासांबरोबर पीपल्स युनियन ही संघटना काढली ती याच पट्टीविरुद्ध. लोक म्हणत, आम्हाला विहिरी आहेत. नळ हवेत गोऱ्यांना, पैसे आम्ही का भरायचे? दुकानं बंद झाली, मोर्चा निघाला. आणि पुढे युनियनच्या पुढाऱ्यांनी तीच पट्टी मान्य केली. लोकांनी पाठ फिरवली. १९२३ च्या निवडणुकीत लागोसच्या तिन्ही जागा पट्टीचे विरोधक हर्बर्ट मॅकॉले यांच्या पक्षाने नेल्या.

मी वर्षानुवर्षं ठोकून देत असे, की डॉक्टरच तो, विहिरीच्या पाण्याने काय होतं ते त्याला कळत होतं. मुलीने विचारलं, "मग १९०८ मध्ये कळत नव्हतं?" गप्प बसले.

आमच्या कंपाउंडमधली बोअरवेलची वर्गणी वाढवायची होती तेव्हाची गोष्ट. पहिल्या सभेत सगळ्यात मोठा आवाज माझा. मग हिशेबाची वही हातात पडली. जनरेटरच्या डिझेलचे आकडे बघून रात्रभर झोप नाही. पुढच्या सभेत वर्गणीच्या बाजूने हात वर केला. एकटीनेच. मागून कुणीतरी म्हणालं, "यांना काय, यांची कंपनी भरते."

ते खरं होतं. कंपनीच भरत होती. त्या क्षणापर्यंत मला ते आठवलंसुद्धा नव्हतं, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. शेजारणीने महिनाभर डबा परत पाठवला तो रिकामा.

रँडललाही परवडत होतं. म्हणून तो चूक ठरतो का? ठरत असेल. वही मात्र मी पाहिली होती.

सरकार मुलांच्या पोहण्याची सोय करेना, तेव्हा त्याने स्वतःच्या पैशांनी ओनिकानला तलाव बांधला. कुणी म्हणतं, ते प्रायश्चित्त. मला नाही तसं वाटत. पण नेते तेव्हा मी तुम्हाला आधी तलावच दाखवते, पाणीपट्टीचं तुम्ही विचारेपर्यंत काढत नाही.