चौथीचे पहिले सहा आठवडे आणि रब्बींचे पत्र

माझ्या मुलीची चौथी न्यू जर्सीतल्या एका ज्यू शाळेत 2 सप्टेंबर 2025 रोजी सुरू झाली आणि तिच्या नावाचा हुमाश, म्हणजे तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या मूळ हिब्रू पाठाचे वर्गात वापरायचे पुस्तक, तिच्या हातात पडला तो 16 ऑक्टोबरला. मधले सहा आठवडे ती शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या पुस्तकात वाकून वाचत होती, कारण शाळेच्या कार्यालयात आमच्या फाइलवर ‘अपूर्ण’ असा शेरा होता. तो शेरा कशामुळे पडला आणि कसा निघाला, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्यासारखी आणखी कुटुंबे ठाण्याहून, मुंबईहून किंवा अलिबागहून इकडे येतील आणि त्यांच्यापुढेही हाच अर्ज येईल.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले, आहोत. माझे माहेर ठाण्याचे, मूळ गाव रायगड जिल्ह्यातले. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. लग्नानंतर आम्ही न्यू जर्सीला आलो. तिसरीपर्यंत मुलगी इथल्या सरकारी शाळेत होती. तिला प्रार्थना नीट वाचता यावी आणि सणाच्या दिवशी शाळा बुडवावी लागू नये, एवढ्यासाठी आम्ही चौथीपासून तिला ज्यू शाळेत घालायचे ठरवले. प्रवेशाची मुलाखत, गणित-इंग्रजीची चाचणी, फी, लसीकरणाचे कागद हे सगळे जुलैत विनासायास पार पडले, त्यावर सांगण्यासारखे काही नाही.

20 ऑगस्टला कार्यालयातून ईमेल आला की आईवडिलांचा केतुबा, म्हणजे ज्यू लग्नाचा लेखी करार, आणि लग्न लावणाऱ्या रब्बींचे, म्हणजे दीक्षित ज्यू धर्मगुरूंचे, पत्र जोडल्याशिवाय नोंदणी पूर्ण होणार नाही. मागणी गैर होती असे मी म्हणत नाही. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मूल ज्यू आहे की नाही हे आईवरून ठरते आणि ऑर्थोडॉक्स परंपरेच्या शाळेने ते विचारावे हे योग्यच आहे. आमचा केतुबा आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावलेला आहे. तो उतरवला, स्कॅन केला आणि त्याच रात्री पाठवला. अडचण दुसऱ्या कागदाची होती. अर्जात ‘रब्बींचे नाव’ आणि ‘दीक्षा कोणाकडून’ असे दोन रकाने होते आणि आमच्याकडे त्यांत भरण्यासारखे काहीच नव्हते, कारण बेने इस्रायल समाजात पिढ्यान्‌पिढ्या दीक्षित रब्बी नव्हते. आमच्याकडे प्रार्थना चालवतात ते हजान आणि लग्न लावतात तेही हजान. 1796 मध्ये मुंबईत आमच्या समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, उभे राहिले, तेव्हापासून ही व्यवस्था चालत आलेली आहे.

हे सगळे मी एका पानात लिहून पाठवले आणि सोबत ठाण्याहून मागवलेले हजानांचे पत्र जोडले. शाळा सुरू होऊन दहा दिवस झाल्यावर उत्तर आले की हजानांचे पत्र रब्बींच्या पत्राऐवजी स्वीकारता येत नाही. मी प्रत्यक्ष भेटायला गेले. कार्यालयातल्या बाई वागायला सौम्य होत्या, पण त्यांनी केतुब्याची प्रत समोर ठेवली, खालच्या दोन साक्षीदारांच्या देवनागरी सह्यांवर बोट ठेवले आणि विचारले की ही कोणती लिपी आहे, ही माणसे कोण आहेत. नंतर त्यांनी विचारले की तुमच्या घराण्याने धर्मांतर कधी केले. मी म्हटले, कधीच नाही. त्यांनी ते लिहून घेतले. त्यांच्या पेनाची ती हालचाल माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे, कारण माझ्या आजीआजोबांच्या पिढीलाही हाच प्रश्न विचारला गेला होता. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची खास चौकशी करावी, असा नियम तिथल्या रब्बींच्या मंडळाने 1962 मध्ये काढला होता. त्याविरुद्ध आमच्या लोकांनी निदर्शने केली आणि 1964 मध्ये तिथल्या सरकारने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असे जाहीर केल्यावर ते प्रकरण मिटले. साठ वर्षांपूर्वी मिटलेली गोष्ट मी एका शाळेच्या खिडकीपाशी उभी राहून पुन्हा सांगत होते आणि ती ऐकून घेण्याचा अधिकार समोरच्या बाईंना नव्हता, त्यांना फक्त रकाना भरायचा होता. माझा सगळ्यात मोठा वेळ इथेच वाया गेला. खिडकीवर इतिहास सांगू नका. रकान्याबाहेरचा निर्णय शाळेत कोण घेते ते पहिल्याच दिवशी विचारा आणि त्या व्यक्तीची वेळ मागून घ्या. आमच्या शाळेत तो अधिकार मुख्याध्यापक असलेल्या रब्बींकडे होता आणि हे मला कोणीतरी सांगेपर्यंत सप्टेंबरची 19 तारीख उजाडली होती.

त्यात तिश्री हा ज्यू पंचांगातला सणांचा महिना आला. अमेरिकेत ज्यू शाळेचे पहिले दोन महिने सणांमुळे तुकड्यातुकड्यांनी भरतात, हे मला तत्त्वतः माहीत होते, पण कागद अडकल्यावर त्याचा अर्थ कळला. 22 सप्टेंबरच्या दुपारपासून रोश हशाना या ज्यू नववर्षासाठी शाळा बंद झाली ती 25 ला उघडली. योम किप्पूर हा उपासाचा दिवस 2 ऑक्टोबरला होता आणि त्याच दिवशी भारतात दसरा आणि गांधी जयंती होती, म्हणजे तिथूनही कागद हलण्याची शक्यता नव्हती. पुढे सुक्कोत आणि सिम्हत तोरा हे सण मिळून 15 ऑक्टोबरपर्यंत कार्यालयाला कुलूप. ठाण्यात आणि इथे साडेनऊ तासांचे अंतर असल्याने मी पहाटे उठून दादाला फोन करत होते. माझी आई रोश हशानाला नव्याचा सण आणि योम किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणते. त्या वर्षी दारफाळणीच्या सणाला, उपास धरून सिनेगॉगमध्ये बसलेली असताना, माझे लक्ष प्रार्थनेत नव्हते हे मला आजही टोचते.

इकडे वर्गात काय चालले होते ते सांगणे जास्त महत्त्वाचे आहे. शाळेचा दिवस सकाळी आठला प्रार्थनेने सुरू होतो, दुपारच्या जेवणापर्यंत हिब्रू आणि तोरा, त्यानंतर गणित, इंग्रजी आणि विज्ञान. या शाळेत चौथीपासून रशींचे भाष्य वाचायला लावतात. रशी हे अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार, पण त्यांचे भाष्य ज्या वळणात छापतात ते त्यांचे स्वतःचे नव्हे, पुढच्या काळातल्या छापणाऱ्यांनी ते रूढ केले. मुलीला चौकोनी हिब्रू अक्षरे येत होती, हे वळण येत नव्हते. देवनागरी येणाऱ्या माणसापुढे अचानक मोडी ठेवावी तसे तिला झाले. बाकीच्या मुलांनी तिसरीच्या अखेरीस याचा सराव केला होता आणि हिच्याकडे पुस्तकच नव्हते, कारण नाव छापलेली पुस्तके नोंदणी पूर्ण झालेल्या यादीवरूनच मागवली जातात. तिच्या खणावरसुद्धा छापील नावाऐवजी चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेले नाव होते. ती मला एकदाच म्हणाली, ‘‘आई, माझं नाव पुसट झालंय.’’ तक्रारीचा सूरही नव्हता. त्या रात्री मी मुख्याध्यापकांना लिहिले.

तिच्या वर्गशिक्षिकेचे ऋण मात्र मी विसरणार नाही. त्यांनी रोजच्या पानाची झेरॉक्स काढून दिली आणि रशी वळणाच्या अक्षरांचा तक्ता घरी पाठवला. आम्ही तो फ्रिजवर लावला आणि रोज तीन अक्षरे याप्रमाणे आठवडाभरात पूर्ण केला. ज्यांची मुले मध्येच अशा शाळेत येणार असतील त्यांनी हे उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरकावे.

मुख्याध्यापकांनी मार्ग सुचवला तो साधा होता. आम्ही ज्या सिनेगॉगला जातो तिथल्या रब्बींनी आमचे कागद पाहून पत्र दिले तर ते शाळेला चालणार होते. त्यांना मी 28 सप्टेंबरला, रविवारी, भेटले. त्यांना आमच्या समाजाची माहिती होती. त्यांनी माझ्या आईचा केतुबा मागितला आणि शक्य असल्यास आजीच्या कबरीचे छायाचित्र. दादा दुसऱ्याच दिवशी कबरस्तानात गेला. दगडावर पावसाळ्यातले शेवाळ चढले होते. त्याने पाणी आणि फडके मागून घेतले, दगड पुसला, आणि वर हिब्रूत आजीचे व तिच्या वडिलांचे नाव आणि खाली मराठीत तोच मजकूर स्वच्छ दिसेल असा फोटो पाठवला. तो फोटो पाहून रब्बी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी हिब्रू ओळ मोठ्याने वाचली. आजीचे नाव या देशात असे कोणी उच्चारलेले मी पहिल्यांदा ऐकले.

पत्र 3 ऑक्टोबरला, शुक्रवारी सकाळी मिळाले. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या शब्बाथमुळे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, कार्यालय दुपारी एकला बंद होते, म्हणून मी कामावरून रजा घेऊन ते स्वतः नेऊन दिले आणि पोच घेतली. सण संपल्यावर गुरुवारी मुलगी पुस्तक घेऊन घरी आली. मी त्याला आपल्याकडच्यासारखे खाकी कागदाचे कव्हर घातले. नाव तिने स्वतः लिहिले, हिब्रूत आणि खाली मराठीत.

आणखी दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचे कागद जोडावे असे मला दोघांनी सुचवले होते. शाळेच्या कामी त्याचा काही उपयोग होत नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि केतुबा स्कॅन करताना साक्षीदारांच्या मराठी सह्या खालपर्यंत पूर्ण येतील याची खात्री करा, त्यांची नावे इंग्रजीत टाइप करून सोबत जोडा, आणि आई-आजीच्या केतुब्याचे फोटो आजच काढून घ्या. माझ्या आईचा केतुबा घडीवर फाटायला आला आहे.