त्या हातची कुकी पुन्हा बनवायची असेल तर

नातं संपलं, डबा परत गेला, कृती मात्र विचारायची राहून गेली. आता त्यासाठी फोन करणंही बरं दिसत नाही. मग दहा वेगवेगळ्या कृती करून बघण्याआधी ती कुकी नीट आठवावी, कारण तिची निम्मी कृती तिच्या पोतातच असते.

मोडताना वाकायची? म्हणजे ब्राउन शुगर जास्त होती. तिच्यातली काकवी ओलावा धरून ठेवते. टक्कन मोडायची, पातळ होती? पांढरी साखर जास्त. फुगीर, केकसारखी आणि फिकट? बेकिंग पावडर, शिवाय मैदा सढळ हाताने. आणि टॉफीसारखा खमंग वास आठवतोय, पण कशाचा ते सांगता येत नाही? इथे बहुतेक जण व्हॅनिला वाढवत बसतात. तो वास कढवलेल्या बटरचा असतो.

कुरकुरीत कडा, मऊ मध्य आणि तो खमंगपणा, अशा कुकीचं हे माप. साधारण 14 होतात.

115 ग्रॅम बिनमिठाचं बटर फिकट रंगाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवा. काळ्या भांड्यात रंग कळत नाही. आधी चडचड आवाज येतो, ते पाणी उडत असतं. आवाज मंदावला की हलू नका. फेसाखालची बेरी बदामी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात ओता, खरवडून बेरीसकट, कारण सगळा वास तिच्यातच आहे. नुसता गॅस बंद केला तर तापलेलं भांडं पुढच्या अर्ध्या मिनिटात ती जाळून टाकतं. वजन आता 95 ग्रॅमच्या आसपास भरेल. उडालेल्या पाण्याच्या बदल्यात 1 मोठा चमचा दूध घाला.

बटर कोमट झाल्यावर 100 ग्रॅम ब्राउन शुगर, 50 ग्रॅम पांढरी साखर, 1 अंडं, 1 छोटा चमचा व्हॅनिला. मिनिटभर फेटा, तीन मिनिटं थांबा, पुन्हा फेटा. मिश्रणाला चकाकी आली पाहिजे. मग 150 ग्रॅम मैदा, पाव छोटा चमचा बेकिंग सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ. कोरडं पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवा. शेवटी 120 ग्रॅम डार्क चॉकलेटचे ओबडधोबड तुकडे. बटर गरम राहिलं असेल तर चॉकलेट इथेच वितळून सगळं तपकिरी होईल.

मैदा वजनानेच घ्या. एका कपात हलक्या हाताने भरला तर 120 ग्रॅम, दाबून भरला तर 150 बसतो. ‘तशी होतच नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

पीठ झाकून 24 तास फ्रिजमध्ये. मैदा ओलावा शोषतो, कुकी कमी पसरते आणि रंग गडद येतो. 40 ग्रॅमचे गोळे, 175 अंशांवर 11–12 मिनिटं. कडा तांबूस आणि मध्य अजून कच्चा वाटतोय, तेव्हाच काढा. गरम ट्रेवर ती पुढे शिजत राहते. दुसरा घाणा तापलेल्या ट्रेवर लावलात तर गोळे भट्टीत जाण्याआधीच वितळतात.

एवढं करूनही काहीतरी वेगळं लागत असेल, तर ती कुकी कधी खाल्ली जायची ते आठवा. डब्यातून यायची म्हणजे ती आदल्या दिवशीची असणार. बंद डब्यात मधला ओलावा कडांकडे सरकतो आणि सगळी कुकी सारखी मऊ होते. भट्टीतून काढल्या काढल्या चव घेऊन ‘ही ती नव्हे’ म्हणण्यात अर्थ नाही. रात्रभर डब्यात ठेवून बघा. उलट आठवण गरम कुकीची असेल, तर गारेगार कुकीत ती सापडणार नाही. ऊब असली की वास जास्त सुटतो, आणि आठवणीचं काम जिभेपेक्षा नाकच जास्त करतं: वासाचे संदेश मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने जातात.

उरलेले गोळे फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतात. एकेकटा भाजता येतो, फक्त दोन मिनिटं जास्त द्या.