सेम संपलं, येळवस आली आणि ते गळकं नरसाळं

झालं एकदाचं. शेवटचा पेपर झाला, गठ्ठे सील होऊन गेले, वर्कशॉपला कुलूप लागलं आणि मी घरी येऊन दोन दिवस नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, अगं परीक्षा पोरांची होती का तुझी. आता त्यांना काय सांगू, की पोरांची तीन तासांची असते, आमची दीड महिन्याची.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, मी लातूरात एका पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते. फर्स्ट इयरचं वर्कशॉप आणि सेकंड इयरचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल. आणि लातूरात पॉलिटेक्निकला शिकवणं म्हणजे पंढरपुरात राहून जत्रेला दुसऱ्या गावी जाण्यासारखं आहे, कारण हे गाव चालतं नीटवर, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेवर. ट्यूशन एरियात संध्याकाळी सातला एकदा उभं राहून बघा, क्लास सुटला की पाठीवर सॅक घेतलेली हजारो पोरं, मेस, झेरॉक्स, रूम भाड्याने मिळेलच्या पाट्या, आणि वरती होर्डिंगवर गेल्या वर्षीच्या टॉपरचे पासपोर्ट फोटो बॅनरएवढे करून लावलेले. लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच. रिक्षावाल्याला मी पॉलिटेक्निक म्हणाले की हमखास पुढचा प्रश्न येतो, डिप्लोमा का, मार्क कमी पडले का लेकराला? अहो मी शिकवते तिथं. मग तो आरशातून एकदा बघतो आणि गप्प बसतो.

तर सांगायचा मुद्दा, की आमचं सेम कधी संपतं, कसं संपतं याची बातमी कुठंच येत नाही. बारावीचा निकाल, नीटचा निकाल, पेढे, हलगी, सगळं होतं. आमची साठ पोरं पहिलं सेम पार करून निघाली याचं कुणाला काय. म्हणून म्हटलं मीच लिहिते.

सुरुवात सबमिशनपासून. सबमिशनचा आठवडा म्हणजे ज्याला वर्षभर पेन सापडलं नाही तो रात्रीत चार मॅन्युअल भरून आणतो आणि सकाळी लाल डोळ्यांनी स्टाफरूमच्या दारात उभा राहतो, म्याडम फक्त सही. प्रत्येक प्रॅक्टिकलवर तारीख लागते, सही लागते, मार्क लागतात. यावेळी एकाने प्रॅक्टिकल नंबर सातचं निरीक्षण शेजाऱ्याचं बघून इतकं मन लावून उतरवलं होतं, की खाली शेजाऱ्याचा रोल नंबरही उतरवला. मी काही बोलले नाही, नुसतं बोट ठेवलं त्यावर. त्याने बघितलं आणि म्हणाला, म्याडम आमचा ग्रुप एकच हाय की.

मग मायक्रोप्रोजेक्ट. मायक्रोप्रोजेक्ट म्हटलं की इंजेक्शनच्या सिरिंजचा हायड्रॉलिक जेसीबी. चार सिरिंजा, सलाइनची नळी, पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, आत रंगीत पाणी. मी दरवर्षी ठरवते की यंदा हा जेसीबी घ्यायचाच नाही आणि दरवर्षी किमान तीन येतात. यंदा पाच आले. पण एक मान्य करते, पास्कलचा नियम काय म्हणतो विचारल्यावर एक पोरगं आधी गडबडलं आणि मग सिरिंज दाबून म्हणालं, हितं बारकी हाय म्हणून जोर कमी लागतंय पण लै आत ढकलावं लागतंय. मला पुस्तकातली व्याख्या नको होती, हेच पाहिजे होतं. पूर्ण मार्क दिले.

आता वर्कशॉपचं. फर्स्ट इयरला फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग, शीट मेटल असं सगळं थोडं थोडं असतं. जूनमध्ये दहावी झालेली पोरं, त्यातली निम्मी शेतकऱ्यांची, पण गंमत म्हणजे करवत नीट धरणारी चारच. पहिल्या दिवशी मी कानशींची नावं सांगते तेव्हा फ्लॅट बास्टर्ड फाइल म्हटलं की मागच्या बाकावर हसू फुटतं, ते दर बॅचला फुटतं, मी पाच मिनिटं थांबते आणि मग पुढे जाते. नाव तेच आहे हो, मी काय करू.

फिटिंगचा जॉब म्हणजे 50 बाय 50 ची, 6 एमएम जाडीची लोखंडी पट्टी. दोन तुकडे. एकाला व्ही आकाराचं टोक काढायचं, दुसऱ्यात तसाच खाचा, आणि दोन्ही एकमेकांत बसले पाहिजेत. सांगायला सोपं. आधी चारही कडा काटकोनात आणायच्या, मग मार्किंग, पंच, हॅकसॉने कापणं आणि मग कानस, कानस, कानस. हाताला फोड येतात. तपासायची पद्धत अशी, की जोडलेला जॉब खिडकीकडे धरायचा आणि फटीतून उजेड येतो का बघायचं. परीक्षेच्या दिवशी वर्कशॉपमध्ये हेच दृश्य असतं, साठ पोरं आळीपाळीनं शेगडा, म्हणजे जॉब पकडायचा व्हाइस, सोडून खिडकीपाशी येतात, एक डोळा मिटून लोखंडाच्या दोन तुकड्यांतून आभाळ बघतात आणि परत जातात. मला हे बघायला फार आवडतं. कुणी हे फोटोत काढून होर्डिंगवर लावलं तर मी पैसे देईन.

बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर शांत होते. एकाला व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात बारीक माप, विचारला. 0.02 एमएम, बरोबर. कसा काढला? तर म्हणे, म्याडमनी सांगितला. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

यंदाचं सेम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं असेल. मांजरा, तेरणा, नद्यांनी काठ सोडले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात बसलं, कुठं शेंगांना झाडावरच कोंब फुटले. या जिल्ह्याची गंमत बघा, 2016 ला उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यायलेलं गाव हे, आणि आता पाणी उतरायची वाट बघत बसलेलं. माझ्या वर्गात त्या दोन आठवड्यांत निम्मी बाकं रिकामी. एसटी बंद, पूल बंद, आणि ज्यांना येता येत होतं ती पोरं घरी वावरातलं जे हाती लागेल ते वाचवत होती.

मग नोव्हेंबरात हजेरीची यादी काढली. 75 टक्के पाहिजेत. एक पोरगं 58 वर. दहावीला चांगले मार्क असलेलं, गप्प बसणारं. बोलावून विचारलं तर म्हणालं, बैल वाहून गेला म्याडम, वडील जेवत नव्हते, मी कसं येऊ. यावर काय बोलणार. नियम नियमाच्या जागी, तो मोडा असं माझं म्हणणं नाही, पण पूर काय टाइमटेबल बघून येत नाही ना. आम्ही तिघी-चौघांनी रविवारी वर्कशॉप उघडून राहिलेली प्रॅक्टिकलं भरून घेतली, कागदपत्रं जोडली, अर्ज वर गेला, आणि तो परीक्षेला बसला. बेसिक मॅथ्सच्या पेपरनंतर भेटला तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. कसा गेला? तर म्हणे, चाळीस व्हतेत. शंभरात थिअरीचे 70, वर्गातल्या टेस्टचे 30, दोन्ही मिळून चाळीस लागतात, आणि त्याने पार्किंगमध्ये उभं राहून बोटांवर मोजून ते लावले होते. निकाल यायचाय अजून, पण त्या पोराचा हिशोब चुकत नाही असं मला वाटतंय.

थिअरीच्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुपरव्हिजन म्हणजे तीन तास उभं राहून पंख्याचा आवाज ऐकायचा. डिपार्टमेंटचा प्रिंटर नेमका त्याच आठवड्यात कागद खायला लागला हे वेगळं सांगायला नको.

शेवटच्या पेपरनंतर मात्र कॉलेज बघण्यासारखं असतं. हॉस्टेलच्या पोरांनी गाद्या गुंडाळलेल्या, बादल्यांत बूट कोंबलेले. फायनल इयरवाले फोटो काढत होते, त्यातल्या काहींचे चाकण, वाळूजच्या कंपन्यांत इंटरव्ह्यू झालेत, दोघं पुढे डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जायचं म्हणतात. आणि इथली रेल्वे कोच फॅक्टरी हे तर प्रत्येक दुसऱ्या पोराचं स्वप्न आहे, घरून डबा घेऊन ड्युटीला जाता येईल म्हणून. स्टाफरूममध्ये इंग्लिशच्या मॅडमनी प्लम केक आणला, नाताळ लांब होता अजून, पण त्या म्हणाल्या तोवर सगळे पांगाल. वर्कशॉपच्या मामांनी खंडेनवमीला लेथवर लावलेला झेंडूचा हार अजून काढलेला नव्हता, वाळून कडक झालेला. काढा म्हटलं तर म्हणाले, ऱ्हाऊ द्या, मशीन यंदा एकदाबी बंद पडली नाही.

आणि मग येळवस.

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांना येळवस म्हणजे काय ते सांगावं लागतं. वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अमावस्या, यंदा 19 डिसेंबरला होती. त्या दिवशी लातूर शहर अक्षरशः मोकळं होतं, गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि सोळाही रस्त्यांवर माणूस नाही, कर्फ्यू लागल्यासारखं. सगळे रानात. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात, कारण त्या दिवशी कुणाच्या शेतात जेवायला जायला आमंत्रण लागत नाही, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. ट्यूशन एरियासुद्धा गप्प असतो. नीट एक दिवस थांबते, तेवढी एकच गोष्ट या गावात नीटपेक्षा मोठी आहे.

मला मात्र यंदा आमंत्रण होतं. वर्गात साठांत सहा पोरी, त्यातली एक औशाकडची. शीट मेटलमध्ये तिने नरसाळं केलेलं. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, कागदावर डेव्हलपमेंट, म्हणजे उलगडलेला आकार, काढायची, पत्र्यावर उतरवायची, कात्रीनं कापून मॅलेटनं गोल वळवायचं, कड दुमडायची, सांध्याला डाख, म्हणजे सोल्डर. जॉब खरं तर रेकॉर्डला ठेवायचे असतात, पण तपासून झाले की वर्षाअखेरीला भंगारातच जातात, म्हणून तिने विचारलं, म्याडम मी घरी नेऊ का, आईला दाखवायचंय. मी म्हटलं ने, फक्त एक्स्टर्नलची सही होऊ दे. आणि एक ऐक, याच्यातून ताक-बीक ओतू नको, जस्ताचा पत्रा आहे, आंबट लागलं की पोटात जातं. ती म्हणाली, आवं म्याडम, डिझेलला लागतंय.

तर आम्ही गेलो, मी, नवरा आणि लेक. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, वरून शाल पांघरलेली, आत पाच पांडव मांडलेले. ज्वारी यंदा गुडघ्याएवढीच होती, सप्टेंबरनंतर वाफसा यायलाच वेळ लागला म्हणून पेरणी मागं पडली. एरवी या दिवसांत माणूस झाकेल एवढी असते. पण हरभरा झकास. पूजा झाली, रानात चारी बाजूंनी आंबील शिंपडून झाली, मग पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, धपाटे, आणि बिंदग्यातली, म्हणजे मातीच्या मडक्यातली आंबील, थंडगार, लसणाचा वास येणारी. भज्जी म्हणजे भजी नव्हे बरं का, पुण्याची माणसं फसतात. तुरीचे हिरवे दाणे, हरभरा, वालाच्या शेंगा, मेथी, जे जे रानात आहे ते आंबट ताकात बेसन लावून शिजवतात. मी दोनदा घेतली. तिसऱ्यांदा वाढली गेली, मी घेतली नाही.

जेवून मी बांधाबांधानं फिरत विहिरीकडे गेले तर तिथं डिझेलच्या इंजिनाजवळ कॅनच्या तोंडात ते नरसाळं खोचलेलं. माझ्या वर्कशॉपचा नंबर पंचनं ठोकलेला, 34. इतके वर्ष मी जॉब तपासतेय, पण एखादा जॉब कामावर लागलेला मी पहिल्यांदा बघितला. उचलून बघितलं. सांधा छान आलेला, कड सरळ, पण खालच्या नळीपाशी डाख जिथं संपतो तिथं डिझेलचा काळा ओघळ. मी बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

मागून तिची आई आली, पदराला हात पुसत. म्याडम, लेकीनं केलंय, म्हणाली. लै चांगलं केलंय, फकस्त एक थेंब गळलालंय बगा.

पोरगी पाच पावलांवर उभी, जमिनीकडे बघत. मी तिला त्या जॉबला 25 पैकी 21 दिले होते. खिडकीकडे धरून बघितला होता तेव्हा उजेड दिसला नव्हता, पण पाणी ओतून बघायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

म्हटलं, कॉलेज उघडलं की घेऊन ये, नवसागर लावून परत डाख देऊ. आणि मार्क?, तिनं हळूच विचारलं. मार्क वर पाठवून झाले, म्हटलं, आता काय होत नाही. तिची आई हसली आणि मला हरभऱ्याचा ढाळा हातात दिला, वाटेत खायला.