त्याचं नाव माँटेग्यू हल्टन-हॅरप

२०१९ च्या फेब्रुवारीत बडगामला आपलंच क्षेपणास्त्र लागून आपलं हेलिकॉप्टर पडलं, नाशिकचे निनाद मांडवगणे त्यात गेले, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जातच नाही. वाचत वाचत ब्रिटिश वैमानिक हल्टन-हॅरपपर्यंत पोचलो.

६ सप्टेंबर १९३९. दुसरं महायुद्ध, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर करून जेमतेम तीन दिवस झालेले. सकाळी सहाच्या सुमारास इंग्लंडच्या पूर्वेला एसेक्सच्या किनाऱ्याकडून शत्रूची विमानं येतायत असा निरोप आला, तो चुकीचा होता, पण नॉर्थ वील्डच्या हवाई तळावरून ५६ स्क्वाड्रनची (हवाई दलाची एक तुकडी) हरिकेन लढाऊ विमानं उडाली आणि त्यांच्या थोडं मागून दोन राखीव विमानं निघाली, एकात हल्टन-हॅरप, दुसऱ्यात फ्रँक रोझ. आता खरी गोची काय, तर त्या काळच्या रडारला विमान समोर आहे की पाठीमागे हे धड कळायचं नाही, त्यामुळे जमिनीवरून उडालेली आपलीच विमानं समुद्रावरून येणारी शत्रूची वाटायची, मग त्यांना अडवायला अजून विमानं पाठवा, की शत्रूचा आकडा अजून वाढला! आणि आपलं-परकं ओळखणारं यंत्र तेव्हा विमानात नव्हतंच.

हॉर्नचर्चच्या तळावरून ब्रिटनच्याच ७४ स्क्वाड्रनची स्पिटफायर लढाऊ विमानं आली, मागे राहिलेली ती दोन विमानं त्यांना जर्मन वाटली आणि त्यातल्या बर्न आणि फ्रीबॉर्न या दोन वैमानिकांनी गोळ्या झाडल्या. रोझ कसाबसा शेतात उतरला, वाचला. हल्टन-हॅरपच्या डोक्यात मागून गोळी लागली, इप्सविचजवळ हिंटलशमला विमान पडायच्या आधीच तो गेला होता. २६ वर्षांचा. या युद्धात मारला गेलेला ब्रिटिश हवाई दलाचा पहिला फायटर पायलट.

मला राग याचा येतो, की या घटनेला नाव पडलं 'बार्किंग क्रीकची लढाई'. बार्किंग क्रीक तिथून कितीतरी लांब, लंडनकडे, आणि ते नाव म्हणे तिथल्या विनोदी कार्यक्रमांत हशा पिकवायला वापरायचे. एक पोरगा मेलाय हो.

बर्न आणि फ्रीबॉर्नचं कोर्टमार्शल झालं, त्यात त्यांचाच फ्लाइट लीडर (त्यांच्या गटाचा प्रमुख) मालान त्यांच्याविरुद्ध बोलला, तरी दोघं निर्दोष सुटले. ते मला पटतं. फ्रीबॉर्न तेव्हा फक्त १९ वर्षांचा होता. पुढे तो बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत लढला, नव्वदीपर्यंत जगला, आणि म्हातारपणीही सांगायचा की मला हल्टन-हॅरपची जवळजवळ रोज आठवण येते, मला चांगलं आयुष्य मिळालं, तसं त्यालाही मिळायला हवं होतं.